स्प्रिंट सुरू होण्याआधी स्क्रीन: लहान टीमसाठी यूआय डिझाइन आणि अ‍ॅजाइलचा नेमका क्रम

लहान टीममध्ये गडबड बहुतेक वेळा क्रमात होते. डिझायनर महिनाभर बसून फिग्मा या डिझाइनच्या साधनात चाळीस स्क्रीन रंगवतो, मॅनेजर त्यांचे तुकडे पाडून जिरा या कामं नोंदवायच्या बोर्डावर टाकतो आणि त्यालाच अ‍ॅजाइल (छोट्या टप्प्यांत बांधत, दाखवत, सुधारत जाण्याची पद्धत) म्हटलं जातं. काही ठिकाणी याच्या अगदी उलट चालतं. सोमवारी स्प्रिंट, म्हणजे ठरावीक मुदतीचा कामाचा टप्पा, सुरू होतो, डिझायनर आणि डेव्हलपर एकाच स्टोरीवर (वापरणाऱ्याच्या नजरेतून लिहिलेलं एक छोटं काम) एकाच दिवशी बसतात. डिझाइन गुरुवारी हाती येतं, तोवर डेव्हलपरने अंदाजाने स्क्रीन बांधलेली असते. दोन्हीकडे परिणाम सारखाच होतो: अ‍ॅप वापरणाऱ्याच्या हातात पहिल्यांदा जातं, तेव्हा बदल करायला वेळ उरलेला नसतो.

हा लेख चार ते सहा जणांची टीम, एक डिझायनर आणि दोन आठवड्यांचा स्प्रिंट धरून लिहिला आहे. उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे, दूध संकलन केंद्राच्या अ‍ॅपचं. सभासद सकाळ-संध्याकाळ केंद्रावर दूध घालतात. केंद्रावरचा माणूस, म्हणजे संकलक, लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) नोंदवतो, त्यावरून दर निघतो, पावती मिळते आणि दर दहा दिवसांनी बिल होतं. ऐकायला हे सोपं वाटतं. पण गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, त्याखाली गेलं की पैसे कापले जातात. बोट चुकून ३.५ च्या जागी ३.२ पडलं तर नुकसान शेतकऱ्याचं होतं. स्क्रीन कशी असावी हे इतक्या गंभीरपणे घेण्याचं कारण हेच आहे.

## १. तयारी: काम जिथे चालतं तिथे जाऊन बघा

पहिली स्टोरी लिहिण्याआधी डिझायनर आणि किमान एका डेव्हलपरने केंद्रावर एक सकाळ आणि एक संध्याकाळ पूर्ण काढावी. फक्त डिझायनरला पाठवून त्याच्याकडून अहवाल मागवू नका. ओल्या हातांनी फोन कसा धरला जातो, हे ज्याने डोळ्यांनी पाहिलं आहे तो डेव्हलपर पुढे बटणाच्या आकारावरून वाद घालत नाही.

बसून या गोष्टी टिपा:

- कामाचा खरा क्रम. कॅन ठेवला, माप घेतलं, नमुना काढला, मशीनवर फॅट बघितलं, वहीत लिहिलं, पावती दिली. यातलं काय आधी आणि काय नंतर? दोन सभासदांची कामं एकमेकांत मिसळतात का?
- रांग. गर्दीच्या वेळी एका माणसामागे किती सेकंद मिळतात, ते घड्याळ लावून मोजा.
- हात, उजेड, आवाज. पहाटे बल्ब किती आहे, फोनला रेंज कुठवर येते, वीज गेली तर काय करतात.
- वहीचं पान. परवानगी घेऊन फोटो काढा आणि नावं झाका. वहीतल्या रकान्यांचा क्रम माणसाच्या हातात बसलेला असतो. स्क्रीनवर तो बदलायचा असेल तर तसं भक्कम कारण हवं.
- खाडाखोड. कोणता आकडा सर्वांत जास्त वेळा खोडून पुन्हा लिहिला आहे? तुमच्या अ‍ॅपमध्ये चुका सर्वांत आधी तिथेच होणार आहेत.

सावधान: "तुम्हाला अ‍ॅपमध्ये काय काय हवं?" हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारू नका. समोरचा माणूस भिडेखातर यादी देतो आणि टीम त्या यादीलाच गरज समजून बसते. त्याऐवजी "काल काही गडबड झाली होती का, मग काय केलंत?" असं विचारा.

तपासा: वही न उघडता तुम्ही पूर्ण क्रम बोलून दाखवू शकता का? अडखळलात तर पुन्हा एक पाळी बसा.

## २. काम उभं कापा

इथे जास्तीत जास्त टीम चुकतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. उभं कापणं म्हणजे प्रत्येक तुकड्यात काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण होईल अशी विभागणी करणं.

पाहिलेल्या क्रमातली एकेक पायरी चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठ्या भिंतीवर आडव्या ओळीत लावा: सभासद निवडणे, दूध गाईचं की म्हशीचं, लिटर, फॅट आणि एसएनएफ, दर, पावती. प्रत्येक चिठ्ठीखाली तिचे प्रकार लावत जा. 'सभासद निवडणे'खाली क्रमांक टाकून, नावाने शोधून, कार्ड स्कॅन करून. 'फॅट'खाली हाताने टाकणे, मशीनमधून आपोआप घेणे. 'पावती'खाली स्क्रीनवर, छापून, एसएमएसने.

आता भिंतीवर एक आडवी रेघ मारा. रेघेच्या वर प्रत्येक पायरीचा सर्वांत साधा प्रकार ठेवा. तो पहिला काप: क्रमांक टाकून सभासद निवडला, आकडे हाताने टाकले, रक्कम स्क्रीनवर दिसली. एवढ्यात एका सभासदाची एका वेळची नोंद सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण होते. केंद्रावर नेऊन दाखवता येईल असं काहीतरी तुमच्या हाती येतं.

चुकीची विभागणी लगेच ओळखू येते: पहिल्या स्प्रिंटला लॉगिन आणि प्रोफाइल, दुसऱ्याला डॅशबोर्ड, तिसऱ्याला नोंदणी. स्क्रीनप्रमाणे असं कापलं की सहा आठवडे होईपर्यंत कुणालाही काही वापरून बघता येत नाही. लॉगिन शेवटी आलं तरी चालतं, कारण पहिल्या कापाच्या चाचणीत फोन तुमच्याच हातात असतो. डॅशबोर्डवर काय दाखवायचं हे तर नोंदी जमा झाल्याशिवाय कळतच नाही.

स्टोरी लिहिताना कोण, काय आणि कशासाठी हे येऊ द्या, पण साच्यात बसवण्यासाठी भाषा वाकवू नका. "रांग थांबू नये म्हणून संकलकाला सभासद क्रमांक टाकून थेट लिटरच्या रकान्यात जाता यावं" ही चांगली स्टोरी आहे. तिच्याखाली पडताळणीच्या दोन-तीन ओळी लिहा: क्रमांक चुकीचा असेल तर काय दिसेल, सभासद बंद असेल तर काय, तोच सभासद त्याच पाळीत दुसऱ्यांदा आला तर काय. तिसरा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण घरी गाय आणि म्हैस दोन्ही असलेला सभासद रोज दोन कॅन आणतो. अशी नोंद 'डुप्लिकेट' म्हणून अडवलीत तर पहिल्याच दिवशी अ‍ॅप बाजूला ठेवलं जाईल.

तपासा: प्रत्येक स्टोरीला विचारा, "एवढीच पूर्ण झाली तर केंद्रावरच्या माणसाला काही नवीन करता येईल का?" उत्तर 'नाही' असेल तर काप आडवा गेला आहे.

## ३. डिझाइन एक स्प्रिंट पुढे ठेवा, फक्त एकच

डेव्हलपर पहिला काप बांधत असतील तेव्हा डिझायनर दुसऱ्या कापावर असावा. तो तीन-चार स्प्रिंट पुढे गेला की त्याचं काम शिळं होतं. पहिल्या कापातून जे कळतं त्याने पुढचे काप बदलतात आणि रंगवलेल्या स्क्रीन फेकाव्या लागतात. फेकायला जीव होत नाही म्हणून टीम त्या तशाच बांधते, आणि ते जास्त वाईट आहे.

दहा कामाच्या दिवसांची डिझायनरची वाटणी साधारण अशी ठेवा:

- दिवस १ व २: चालू स्प्रिंटमधल्या डेव्हलपरच्या शंका. हा वेळ राखूनच ठेवा.
- दिवस ३ व ४: पुढच्या कापाची कागदावरची रेखाटनं, एका डेव्हलपरला शेजारी बसवून.
- दिवस ५: कागद घेऊन केंद्रावर.
- दिवस ६ ते ८: दुरुस्ती, क्लिक करता येईल असा नमुना, पुन्हा चाचणी. मधे वेळ काढून बांधलेल्या स्क्रीनची तपासणी.
- दिवस ९: पूर्ण टीमसोबत पुढच्या स्टोरींची चर्चा आणि अंदाज.
- दिवस १०: रिव्ह्यू (झालेलं काम दाखवणे) आणि रेट्रो (टीमने स्वतःच्या पद्धतीत काय सुधारायचं ते ठरवणे).

सुरुवातीला डिझायनरला पुढे जाता यावं म्हणून एखादा आठवडा वेगळा द्या. त्यात पहिली आणि दुसरी पायरी उरकते.

सावधान: डिझाइनसाठी वेगळा बोर्ड आणि वेगळी बैठक करू नका. एकाच बोर्डावर डावीकडे 'रेखाटन' आणि 'चाचणी' असे दोन रकाने वाढवा. डिझायनर कुठे अडकला आहे ते सगळ्यांना दिसलं पाहिजे.

## ४. आधी कागद, आणि कागदावर खरा मराठी मजकूर

फिग्मा उघडण्याआधी पेन्सिलने किमान तीन वेगवेगळ्या मांडण्या काढा. पहिली मांडणी बहुधा दुसऱ्या कुठल्यातरी अ‍ॅपची आठवण असते. तिसरीपर्यंत गेलात की केंद्रावर पाहिलेलं काहीतरी त्यात उतरायला लागतं.

मजकूर मात्र पहिल्या रेखाटनापासून खरा हवा. इंग्रजीत डिझाइन करून शेवटी भाषांतर चिकटवायचं, ही आपल्याकडची सर्वांत महाग सवय आहे. देवनागरीने काय काय बदलतं ते बघा.

ओळीची उंची. वेलांट्या, रफार, अनुस्वार वर जातात, उकार आणि जोडाक्षरं खाली उतरतात. इंग्रजीसाठी ठरवलेल्या उंचीच्या बटणात 'पूर्ती'चा उकार किंवा रफार कापला जातो. ओळीची उंची अक्षराच्या दीडपटीच्या आसपास धरून सुरुवात करा आणि बटणाची उंची पक्की बांधू नका, मजकुराप्रमाणे वाढू द्या.

अक्षरांतलं अंतर. अक्षरं लांब करण्याची सेटिंग देवनागरीला लावू नका, शिरोरेघ तुटते. इंग्रजीत मोठ्या लिपीतली अक्षरं वापरून मथळा उठावदार करतात, ती सोय आपल्याकडे नाही. उठाव वजनाने (अक्षराच्या जाडीने) आणि आकाराने आणा. 'मुक्ता' किंवा 'नोटो सॅन्स देवनागरी'सारख्या अनेक वजनं असलेल्या फाँटमध्ये हे नीट जमतं.

लांब नावं कापणे. कोडमध्ये ठरावीक संख्येनंतर नाव तोडलं की जोडाक्षर मधेच फुटतं आणि शेवटी लटकता हलंत दिसतो. तोडायचंच असेल तर पूर्ण दिसणाऱ्या अक्षराच्या सीमेवर तोडा. त्याहून चांगलं म्हणजे नाव दोन ओळींत जाऊ द्या. यादीत एकाच आडनावाची वीस घरं असतात, तिथे वडिलांचं नाव कापलं गेलं तर माणूस ओळखायचा कसा?

आकडे. हा निर्णय जाणीवपूर्वक घ्या. ब्राउझरला मराठीचं लोकेल (भाषा आणि प्रदेशाची सेटिंग) दिलं की आकडे आपोआप देवनागरी होतात. वाचायला ते छान दिसतं. पण फॅट मशीनच्या डिस्प्लेवर इंग्रजी आकडे असतात आणि संकलकाला तोच आकडा स्क्रीनशी ताडून बघायचा असतो. तिथे दोन्हीकडे एकच लिपी असलेली बरी. पावतीवर कोणते आकडे हवेत ते सभासदांना विचारा. हजार-लाखाचे स्वल्पविराम मात्र आपल्या पद्धतीनेच यायला हवेत: १,२५,००० असे.

टाकलेले आकडे. मराठी कीबोर्ड चालू असेल तर माणूस '४.५' देवनागरीत टाकेल आणि तुमचा कोड तो आकडा मानणार नाही. आकड्याच्या रकान्याला दशांशाचा कीपॅड उघडा आणि तरीही दोन्ही लिप्यांतले आकडे स्वीकारा.

शोध. 'पाटील' आणि 'पाटिल' दोन्हींवर एकच माणूस सापडला पाहिजे. ऱ्हस्व-दीर्घ एक धरून शोध चालवणं फार मोठं काम नाही, पण स्टोरीत लिहिलं नाही तर कुणी करत नाही.

बटणांवर केंद्रात बोललं जातं ते लिहा. 'नोंद करा', 'पावती द्या' हे लगेच समजतं. 'प्रस्तुत करा' कुणी म्हणत नाही.

तपासा: यादीतलं सर्वांत लांब नाव, जोडाक्षरांनी भरलेलं गावाचं नाव आणि सर्वांत मोठी रक्कम एकाच स्क्रीनवर टाकून बघा. काही कापलं जातंय का?

## ५. प्रत्येक स्क्रीनच्या सगळ्या अवस्था काढा

डिझायनरने दिलेली स्क्रीन बहुधा भरलेली, सुंदर आणि इंटरनेट चालू असलेली असते. बाकीच्या अवस्था डेव्हलपर रात्री उशिरा स्वतःच्या मनाने बनवतो. ते टाळायचं तर प्रत्येक स्क्रीनखाली या चौकटी आखा आणि एकही रिकामी सोडू नका.

रिकामी: सकाळची पाळी सुरू झाली, अजून एकही नोंद नाही. नुसती पांढरी स्क्रीन दाखवू नका. 'या पाळीत अजून नोंद नाही. सभासद क्रमांक टाका' असं लिहा आणि कर्सर थेट रकान्यात ठेवा.

वाट पाहणे: एका सेकंदाच्या आत काम झालं तर माणसाच्या विचाराची साखळी तुटत नाही. त्याहून जास्त लागणार असेल तर काय चाललं आहे ते दिसू द्या.

चूक: संदेशात काय चुकलं आणि आता काय करायचं, दोन्ही हवं. 'अवैध मूल्य' या संदेशाने कुणाचंही काम पुढे सरकत नाही. 'फॅट ३५ असू शकत नाही. ३.५ म्हणायचं आहे का?' असं विचारलं की एका टिचकीत दुरुस्ती होते.

संशयास्पद: ही अवस्था जवळपास सगळे विसरतात. गाईच्या दुधाचं फॅट ७.१ आलं तर आकडा अशक्य नाही, पण बहुधा 'म्हैस' निवडायचं राहिलं आहे. इथे अडवू नका, विचारा. अडवलं तर खऱ्या आकड्याचा माणूस अडकतो, सोडून दिलं तर चुकीचा दर लागतो.

रेंज नाही: नोंद फोनवर जपली गेली आहे हे स्पष्ट सांगा आणि '४ नोंदी पाठवायच्या बाकी' असं वर दिसत राहू द्या. नोंद गेली की राहिली ही शंका आली की माणूस दोनदा नोंद करतो.

दुरुस्ती: पावती दिल्यावर चूक कळली तर? कुणाला बदलता येईल, जुना आकडा कुठे दिसेल? इथे पैशांचा प्रश्न आहे, म्हणून जुना आकडा पुसला जाऊ नये आणि दुरुस्तीची पावती वेगळी निघावी.

सावधान: हिरवा म्हणजे ठीक आणि लाल म्हणजे चूक, एवढ्यावर विसंबू नका. सगळ्यांना रंग सारखे दिसत नाहीत. रंगासोबत शब्द किंवा चिन्ह हवं.

## ६. कोडच्या आधी माणसांसमोर ठेवा

कागदी स्क्रीन किंवा क्लिक होणारा नमुना पाच जणांसमोर ठेवा. मोठ्या अडचणी पहिल्या दोन-तीन जणांतच दिसतात. पंधरा जणांची एक मोठी चाचणी करण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन चाचण्या, मधे दुरुस्ती करत, कितीतरी उपयोगी पडतात.

काम असं द्या: "सभासद १०४, म्हशीचं दूध, साडेसहा लिटर, फॅट ६.८. नोंद करून दाखवा." स्क्रीनवर लिहिलेले शब्द तुमच्या सूचनेत येऊ देऊ नका. "'नोंद करा' दाबा" म्हटलंत तर चाचणी तिथेच संपली.

मग गप्प बसा. माणूस अडकला की मदत करायला हात शिवशिवतो, पण तो कुठे आणि का अडकला हेच तर पाहायचं आहे. "तुम्हाला आता काय वाटतंय?" एवढंच विचारा. एकाने बोलावं, दुसऱ्याने टिपावं. टिपताना मत आणि कृती वेगळी लिहा: 'छान आहे म्हणाले' हे मत, 'दोनदा मागे गेले' ही कृती. निर्णय कृतीवरून घ्या. आपल्याकडे पाहुण्याला वाईट कसं सांगायचं म्हणून लोक कौतुक करतात, त्यात त्यांची चूक नाही.

तपासा: तीन किंवा जास्त जण एकाच ठिकाणी अडकले तर ती स्टोरी पुढच्या स्प्रिंटला घेऊ नका. आधी दुरुस्ती, मग पुन्हा चाचणी.

## ७. 'घेण्याजोगं' आणि 'झालं' म्हणजे काय ते लिहून ठेवा

स्टोरी स्प्रिंटमध्ये घेण्याआधी: सगळ्या अवस्था काढलेल्या, मजकूर अंतिम, चाचणी झालेली, डेव्हलपरचे प्रश्न संपलेले.

'झालं' म्हणण्याआधी: कोड तपासलेला, चाचण्या पास, डिझायनरने खऱ्या फोनवर बघितलेलं, आणि खालच्या गोष्टी मोजलेल्या:

- नेहमीच्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) किमान ४.५:१, मोठ्या मजकुराला ३:१.
- अँड्रॉइडवर बोटाने दाबायची जागा किमान ४८ × ४८ डीपी (अँड्रॉइडचं पडद्यावरच्या मापाचं एकक). ओल्या हातांसाठी आम्ही त्याहून मोठीच ठेवतो.
- फोनच्या सेटिंगमधून अक्षर मोठं केलं तरी काही झाकलं जात नाही.
- रेंज बंद करून नोंद केली, परत चालू केली, नोंद एकदाच गेली.

ही यादी भिंतीवर लावा. रिव्ह्यूच्या आदल्या दिवशी 'जवळपास झालं' असं कुणी म्हणालं की यादीकडे बोट दाखवायचं.

## ८. स्प्रिंट चालू असताना

रोजची बैठक १५ मिनिटांची, आणि डिझायनर त्यात असलाच पाहिजे. बाकी नियम टीमच्या सवयीने बसतात.

एकच गोष्ट आग्रहाने सांगेन. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत अर्धवट का होईना, स्क्रीन स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर चालवून डिझायनरला दाखवा. लॅपटॉपच्या मोठ्या पडद्यावर नीट बसलेलं जोडाक्षर तिथे कापलेलं दिसतं. नवव्या दिवशी दिसलं तर दुरुस्तीला जागा नसते.

मधेच बदल सुचला तर तो बॅकलॉगवर (पुढच्या कामांच्या यादीत) लिहा. चालू स्टोरीचा हेतूच चुकला असेल तरच स्प्रिंटमध्ये हात घाला, आणि त्या बदल्यात काय बाहेर जाणार ते त्याच वेळी ठरवा.

## ९. रिव्ह्यू, रेट्रो आणि भिंतीवरच्या चिठ्ठ्या

रिव्ह्यूत स्लाइड दाखवू नका. फोन केंद्रावरच्या माणसाच्या हातात द्या आणि शक्य असेल तर खऱ्या पाळीत, वहीसोबत चालवू द्या. दोन्हीकडचे आकडे पाळी संपल्यावर ताडून बघा. फरक आला तर तो कोणत्या रकान्यात आला, हे पुढच्या स्प्रिंटचं पहिलं काम.

रेट्रोमध्ये दहा सुधारणांची यादी करण्यापेक्षा एकच निवडा आणि तिला बोर्डावर स्टोरीसारखी जागा द्या. "डिझाइनच्या शंकांना उत्तर त्याच दिवशी" ही आमच्याकडे सर्वांत उपयोगी पडलेली सुधारणा आहे.

त्यानंतर सगळ्यांनी पुन्हा भिंतीसमोर उभं राहा. आता जे माहीत आहे त्यावरून चिठ्ठ्या हलवा. सभासदांना क्रमांक पाठ असतात असं दिसलं असेल तर 'कार्ड स्कॅन'ची चिठ्ठी खूप खाली सरकवा किंवा काढूनच टाका. हाताने फॅट टाकताना चुका जास्त होत असतील तर 'मशीनमधून आपोआप' वर येईल. चिठ्ठी काढताना तिच्या मागे कारण आणि तारीख लिहून ती वेगळ्या पाकिटात ठेवा, म्हणजे तीन महिन्यांनी कुणी तीच कल्पना घेऊन आलं तर तीच चर्चा पुन्हा पहिल्यापासून करावी लागत नाही. मग नवी रेघ मारा आणि तिच्या वरचा काप डिझायनरच्या हाती द्या.